अंगणातल्या भेगा

माझा अर्धा जन्म हरळी उपटण्यात गेला आणि म्हातारपणी मी तीच हरळी विकत आणून अंगणात लावली. वैरागकडच्या आमच्या रानात हरळीची एक काडी राहिलेली दिसली, तरी वडील पुन्हा कुदळ हातात द्यायचे. पुढे कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी लागली, निवृत्त झाल्यावर सोलापुरात घर बांधलं, तेव्हा वाटलं, चला, हरळीतून सुटलो. सुटतोय कुठला. नर्सरीवाल्याने हिरवी गादी उलगडून दाखवली, तिचं इंग्रजी नाव मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मी कांडी बघून ओळखलं. नाव बदललं म्हणून हरळी थोडीच बदलते?

ती आणली बायकोसाठी. हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, हात बऱ्यापैकी हलू लागला, डावा पाय मात्र मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, रोज अनवाणी गवतावर चालवा, पायाला जमीन कळली पाहिजे. पावसाळ्यापर्यंत पायात जे बळ येईल ते आपलं, त्यानंतर फारशी आशा धरू नका. घरातली फरशी गुळगुळीत, रस्त्यावर मोकाट कुत्री आणि गाड्या. राहिलं अंगण.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, गवताखाली आधी तांबड्या मातीचा थर टाका. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते." मला राग आला. ह्याच मातीतली ज्वारी खाऊन हा एवढा वाढला, आणि आता हा मला माती शिकवणार! काळ्या मातीवर तांबडी ओतायची म्हणजे आमच्याकडे तुपात पाणी घालण्यासारखं. मी गवत सरळ काळीवरच अंथरलं.

पाडव्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. सकाळी ती ओट्यावरून काठी टेकत उतरायची आणि कुंपणापर्यंत जाऊन यायची. मी गवत बघितल्यासारखं करत मागे राहायचो. ते तिला बरोब्बर कळायचं. "माझ्या मागं मागं काय येताय?" म्हणायची, "लग्नात तर लई ऐटीत पुढं चालत हुता की." फेऱ्या वाढत होत्या. ती पुन्हा पहिल्यासारखी चालेल असं मी मुलाला सांगूनही टाकलं होतं.

मग ऊन तापलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बोअर आटलेली. मिळेल ते पाणी मी गवताला घालायचो. गवत वरून हिरवं राहिलं आणि खालून जमीन फाटत गेली. उघड्या रानात भेग लांबून दिसते, गुरंसुद्धा ओलांडून जातात. गवताखालची भेग दिसत नाही. मलाही कळत नव्हतं की आमच्या अंगणात पाऊल मावेल एवढ्या भेगा झाल्यात.

एक दिवस सकाळी पाणी आलं म्हणून मी मागे नळावर होतो. पुढून काठी पडल्याचा आवाज आला. धावत आलो तर ती गवतात बसली होती, डावा पाय घोट्यापर्यंत भेगेत. मी पाय बाहेर काढला, माती झाडली, दहा वेळा दाबून पाहिला. हाड शाबूत होतं. ती पायाकडे बघत राहिली. त्या दिवसानंतर ती ओट्याखाली उतरली नाही. मी आर्जवं केली, रागावलो, मुलाकडून सांगवून पाहिलं. तिचं एकच, "बघू की उद्या."

भीती बसली, असं मी धरून चाललो. मग भीतीचं कारणच काढून टाकू. भेगांवर आमच्या वडिलांकडे एकच औषध होतं, कोळपणी. ज्वारी गुडघ्याएवढी झाली की रान फाटायला लागतं, तेव्हा कोळपं चालवायचं. वरची माती मोकळी होते, भेगांत उतरून त्या बुजवते, खालची ओल खालीच राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणायची. मी गावी शेती करणाऱ्या भावाकडून हाताने ढकलायचं सायकल कोळपं एसटीत घालून आणलं. आधी कुदळीने गवत फोडलं, मग भर उन्हात आडवं-उभं कोळपलं. शेजारी भिंतीवरून बघत होते. त्यांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक, त्यांना काय कळणार?

भेगा बुजल्या. एकही राहिली नाही. फुगलेल्या छातीने मी तिला हाक मारली. ती ओट्याच्या कडेपर्यंत आली, काठी खाली टेकवली. काठी भुसभुशीत मातीत वीतभर आत गेली. तिने ती उपसून घेतली आणि आत जाऊन बसली. रानाला जे लागतं ते मी केलं होतं. पिकाला मोकळी माती लागते आणि दुबळ्या पायाला घट्ट, एवढी साधी गोष्ट मला कोळपून झाल्यावर सुचली.

मग पाऊस लागला आणि अंगणाचा नुसता रेंदा झाला. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत त्या चिखलात निघून गेली. ती घरात भिंत धरून दोन खोल्यांपुरती चालायची, तेही कमी होत गेलं. तरी मी हट्टाला पेटलो होतो. श्रावणात म्हणालो, "आता तांबडी माती आणतो. पोराचंच ऐकतो. वर नवं गवत. तुला भेग दिसणारसुद्धा नाही."

ती एका हाताने शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भेगंचं भ्या न्हाय मला. त्या दिवशी पाय आत गेला ते मला कळलंच न्हाय. काठी पुढं टाकली, पाय येईना, म्हणून खाली बघितलं. माती गार हाय का गरम, ते बी कळंना."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमी कोळपत हुता की," ती म्हणाली. "येवढ्या उन्हात. काय सांगायचं?" आणि हसून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. त्या अंगणाला कशाला नावं ठिवायची?"

मला त्या हसण्याचा राग आला, आणि मग रडू आलं. ते लपवायला मी उठून चपला शोधू लागलो.

हस्ताचा पाऊस पडून उघाड मिळाली. अंगणाला वाफसा आला, माती मुठीत वळत होती आणि बोट लावलं की फुटत होती. तीच म्हणाली, "रिकामं कशाला ठिवताय? ज्वारी टाका." मी भावाकडून बियाणं मागवलं. एवढ्याशा जागेला पेरणीची पाभर कुठली आणायची? दोरी लावून हातानेच ओळी पाडल्या. ती ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती.

निम्मं झाल्यावर मी थांबलो. ओट्यापासून कुंपणापर्यंत ती चालायची तेवढी जागा पेरायची राहिली होती. मी विचारलं, "हा पट्टा सोडू का? थंडीत वाटलं तर फिरायला होईल."

तिने त्या पट्ट्यावरून कुंपणापर्यंत नजर नेली.

"नगं," ती म्हणाली. "पेरा तिथं बी."

मी दोरी सरकवली आणि तो पट्टाही पेरला.