रोवणा करणारा गडी

सकाळी साडेनऊला डॉक्टरसाहेबांनी मला शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. "काल तुम्ही नेमकं काय दाखवलंत?"

"पाठवलेलीच फिल्म, साहेब."

"मग या बाया कशा आल्या?"

समोर सात बाया बसल्या होत्या. शिबिर होतं पुरुषांच्या नसबंदीचं, आणि पुरुष एकही नव्हता.

सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. मी बालाघाट जिल्ह्यात सरकारी प्रचारगाडीवर ऑपरेटर होतो. गावात गाडी न्यायची, जनरेटर सुरू करायचा, दोन बांबूंना पडदा बांधायचा आणि प्रोजेक्टरवर फिल्म चालवायची, हे माझं काम. शिबिराच्या आदल्या दिवशी कटंगीजवळच्या त्या गावात मी एक कार्टून फिल्म दाखवली. अख्ख्या कुटुंबाने बसून बघावी अशी. शेतकरी शेतात राबतो, तीन पोरांनंतर दवाखान्यात जातो, ऑपरेशन करून हसत घरी येतो. त्याची बायको पहिल्यापासून शेवटपर्यंत चुलीपुढे. तिला बोलायला एक वाक्य नाही. यात न समजण्यासारखं काय आहे, हेच मला कळेना.

साहेब चिडले होते. बाईचं ऑपरेशन पोट उघडून करावं लागे, तेही जिल्ह्याच्या दवाखान्यात. इथे त्याची काहीच सोय नव्हती. "फिल्म तुमची, तुम्हीच समजावून परत पाठवा," म्हणाले आणि आत गेले.

सगळ्यात पुढे सुभद्राबाई होती. शिबिराच्या नर्सबाईंनी मला तिच्याबद्दल हळूच सांगितलं. पाच पोरं. पाचव्या वेळी मरता मरता वाचली. अंगात रक्त नाही, त्यामुळे तिचं ऑपरेशन कोणी करणार नाही, आणि सहावं बाळंतपण तिला झेपणार नाही. मशीन बिघडलं तर मी दुरुस्त करतो, हे काय दुरुस्त करणार?

मी तिला विचारलं, काल काय पाहिलंत? ती म्हणाली, बाई भाताची रोपं लावून, रोवणा करून थकली, डॉक्टरकडे गेली, बरी होऊन आली. म्हणून आम्हीही आलो.

मी पेटीतून रीळ काढलं, फिल्मची पट्टी उन्हात धरली आणि तिला दाखवली. वाकून भाताची रोपं लावणारा शेतकरी. डोक्याला फडकं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. चित्रकाराने त्याला मिशी दिली नव्हती.

"हे पाहा बाई, हा गडी आहे."

"गडी?" ती पट्टीकडे बघतच राहिली. "गडी कवा रोवणा करते? काष्टा खोचून वाकली हाये, बाईच हाये थे."

"आणि चुलीपाशी बसलेली?"

"सासू असन. रोवण्याच्या दिवसात बायको घरी कशी राहीन?"

बाकीच्या हसल्या. मला हसू येईना. मी लालबर्ऱ्याचा, भाताच्याच मुलखातला. माझी आई चिखलात उभी राहून रोवणा करायची, मी डोळ्यांनी पाहिलंय. कितीतरी गावांत मी ही फिल्म चालवली, आणि हा गडी बायकांचं काम करतोय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. लाज वाटली.

पण फिल्मला आवाज होता की! मग आठवलं. या गावांत पुरुष पडद्यापुढे बसत आणि बाया पडद्यामागे. कापडातून चित्र मागेही दिसतं, फक्त उलटं. भोंगा मात्र मी पुरुषांकडे तोंड करून लावला होता. बायांना निवेदनातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

मग मी सगळी गोष्ट सांगितली. ऑपरेशन गड्याचं असतं, छोटं असतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. सुभद्राबाईने एकदा नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"हे सारं आमच्या गड्यायनं काल आयकलं?"

"हौ. अगदी पुढे बसून."

"मंग माहा नवरा काहून नाही आला?"

ती उठली, पदर खोचला आणि निघून गेली.

दुपारी दोनला ती नवऱ्याला घेऊन आली. तो मान खाली घालून उभा. साहेबांनी विचारलं, "कोणी जबरदस्ती तर केली नाही ना?"

"नाही जी."

"फिल्म समजली होती?"

"कालच समजली होती. म्हनूनच नव्हतो आलो." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "आज इनं सांगतलं, मी मेली तं पोरायले कोन पाहीन. करा आता."

दिवसभरात तेवढं एकच ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये फिल्म परिणामकारक असल्याचं लिहा, असं साहेब म्हणाले. मी लिहिलं. शेतात बाईही दाखवावी, असं खाली जोडलं. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

पुढच्या गावात मी बायांना पडद्यापुढे बसवलं आणि पुरुषांना मागे. पुरुष कुरकुरले, आम्हाला काही ऐकू येणार नाही म्हणाले. मी म्हटलं, काही बिघडत नाही, घरी गेल्यावर ऐकायला मिळेल.