सोळा बाया, एक ढीग

"काहून वं ललिते, धुऱ्यावर हुबी राहून बोटं कायले मोजून राहिली?"

"सोळा जणी कामाले लावल्या, तं चौघींपेक्षा हळू चालून राहिल्या, केशरकाकू."

"आमी?"

"तुमी नाही वं. माह्या मशिनीतल्या."

"मंग त्यायले बी चहा पाज!" बांधीत, भाताच्या चिखलात वाकलेल्या बाया खिदळल्या.

ललिता म्हणजे एकोडीच्या देवाजीची पोरगी. नागपुरात इंजिनिअर झाली तेव्हा वर्गात एकटीच मुलगी. एकाहत्तरापासून बंगलोरच्या प्रयोगशाळेत. एकच गणित तुकडे करून अनेक प्रोसेसरांकडून एकाच वेळी सोडवून घ्यायचं, हे तिचं वेड. अठ्ठ्याहत्तरात तिनं दोन प्रोसेसर जोडले, एक्याऐंशीत चार. यंत्र सुसाट पळालं, दिल्लीपर्यंत नाव झालं. आता चौऱ्याऐंशीत सोळा जोडले, तर ते रेंगाळायला लागलं. दिवाळीपर्यंत पळालं नाही तर प्रकल्प बंद. रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, तीन दिवस गावी आली, पण ताटातल्या वरणातही बोटानं आकृत्या काढत होती.

सकाळी आईनं, शकुनबाईनं, तिला सोपं काम दिलं होतं. भाताच्या रोपांच्या पेंढ्या बांधीत टाकायच्या, बस. पण डोकं ठिकाणावर कुठं? सगळ्या पेंढ्या तिनं धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, एकाच जागी रचल्या. मग काय, हातातली पेंढी संपली की जी ती चिखल तुडवत त्याच ढिगाकडे. एकीचा पाय दुसरीच्या लुगड्यावर. दुपार झाली, बांधी अर्धी रिकामी.

शकुनबाई खवळली. "शिकून शिकून इसरली का वं? पेंढ्या आधीच फेकाच्या असतेत, जिचा हात जिथं पोचते तिथं. साऱ्या धुऱ्यावरच येऊन राहिल्या, तं रोवन कोन?"

ललिता ढिगाकडे बघतच राहिली. तिचे सोळाही प्रोसेसर आकडे आणायला एकाच मेमरीपुढं रांग लावत होते. चार होते तोवर ते जाणवलं नव्हतं.

"माय, मले आजच गाडी पकडा लागते."

"कायले?"

"सोळा जणींले आपआपली पेंढी द्या लागते. नऊ महिने जोडलेल्या तारा उखडा लागतेत."

"उखड ना. पन पयले हा ढीग उखड."

साकोलीची बस साडेतीनला होती. ललितानं साडी खोचली, दोन्ही हातांत पेंढ्या घेतल्या आणि पहिली केशरकाकूच्या पुढ्यात फेकली. चिखल काकूच्या तोंडावर उडाला.

"नेम पाहून फेक वं जरा!" काकू ओरडली.

ललिताची दुसरी पेंढी तोवर हवेत होती.