वासांची घराणी

सुगंधी तेलांच्या दुकानातली एक मुलगी परवा मला समजावत होती. तेलांची घराणी असतात म्हणे, फुलांचं, लिंबाचं, पाल्याचं, मसाल्याचं, लाकडाचं, आणि ती फक्त नाकाला कळतात. मी तिच्याशी भांडलेच. बिचारीचा काही दोष नव्हता, पण ‘फक्त नाकाला’ ऐकलं की चाळीस वर्षांपूर्वीचा राग आजही माझ्या डोक्यात जातो.

तेव्हा मी अंधेरीच्या एका गाळ्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायचे. अगरबत्तीवाल्यांना आणि साबणवाल्यांना तेलं पुरवणारा छोटा कारखाना होता. संपात बाबांची गिरणी सुटली आणि मीच तिथल्या केमिस्टसाहेबाकडे शब्द टाकला, माझ्या वडिलांना घ्या, त्यांचं नाक फार तीक्ष्ण आहे. धडधडीत खोटं. बाबांनी वीस वर्षं गिरणीत कापड ब्लीच करण्यात काढली होती आणि त्या वाफेने त्यांचं नाक कधीच मेलं होतं. घाटकोपरच्या आमच्या खोलीत स्टोव्हवर दूध करपून काळं झालं तरी ते शेजारीच पेपर वाचत बसायचे. गिरणीने माणसाचं नाक खाल्लं, त्याची कोणी साधी चौकशी केली नाही. पुढच्या नोकरीला मात्र नाक हवं.

बाबांचं काम आलेली तेलं घराण्याप्रमाणे फळ्यांवर लावायचं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाटेतच तेलाने पुसून जायच्या, म्हणून प्रत्येक डबा उघडून हुंगावा लागे. बाबा हुंगल्यासारखं करायचे आणि हळूच एक थेंब कागदावर टाकायचे. लिंबाच्या घराण्यातलं तेल बघता बघता उडून जाई. खसाचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच राही. पुदिना मनगटावर गार लागे, दालचिनी चटका देई. लवंगेच्या तेलाचा थेंब पाण्यात तळाला जातो हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी बघतच राहिले. फुलांच्या तेलांनी त्यांचा सगळ्यात जास्त छळ केला. शेवटी रंग आणि दाटपणा पाहून तीही त्यांनी बसवली. हे सगळं जमायला महिना गेला असेल. पुढच्या पाच महिन्यांत त्यांचा एक डबा चुकीच्या फळीवर गेला नाही. नाकवाल्यांचे गेले होते, मी स्वतः पाहिलंय.

कायम करायची वेळ आली तशी साहेबाने परीक्षा ठेवली. साहेब तिशीच्या आतला, बाबा पन्नाशीचे, तरी त्यांना ‘अरे’ आणि ‘तू’. त्याने बाबांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. का? बघून काम करणं म्हणजे काय चोरी आहे? मग तो कागदाच्या पट्ट्या तेलात बुडवून एकेक करून त्यांच्या हातात देऊ लागला.

पहिली पट्टी नाकाशी नेताना बाबांनी ओठाला टेकवली. “पाला. पुदिना,” ते म्हणाले. दुसरीने ओठ बधिर झाला, मसाल्याची, लवंग. तिसरी बोटाला चिकटली, लाकडाची, खस. साहेब मान डोलवत होता. चौथी पट्टी त्याने बुडवली आणि तेवढ्यात फोन आला. तो बोलत बसला, पट्टी टेबलफॅनच्या वाऱ्यात फडफडत राहिली. परत येऊन त्याने ती बाबांना दिली. बाबांनी ती बोटांत चोळली, ओठाला लावली, पुन्हा चोळली.

“ही कोरी आहे, साहेब.”

अख्खा गाळा लिंबाने घमघमत होता. दोघंतिघं फिदीफिदी हसले. साहेबाने पट्टी स्वतः हुंगली, बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी रुमाल सोडून खरं काय ते सांगितलं.

“म्हणजे सहा महिने तू आम्हाला उल्लू बनवत होतास?” साहेब म्हणाला. “इथे नाकाचं काम आहे. उद्यापासून येऊ नकोस.” मग त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून लेबल चिकटवलं.

घरी जाताना बसमध्ये मी तोंड सोडलं. त्या फळ्या जाऊन बघा म्हणावं, एक तरी डबा चुकलाय का? साहेबाची, गिरणीच्या मालकाची, त्या हसणाऱ्यांची, सगळ्यांची अक्कल काढली. बाबा ऐकत होते. साकीनाका गेल्यावर म्हणाले,

“वास खूप पसारलेलो काय गो?”

“गाळाभर.”

“तुका येत होतो?”

“हो.”

“मगे एकदा खोकलं असतंस तरी माका समाजला असता.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी खोकले नाही, कारण त्यांना मीच आणलं होतं आणि खोकताना कोणी पकडलं असतं तर माझीही नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच कामाला गेले.