किसनचा प्रश्न

नव्या वहाणांना एरंडेल चोळत होतो. त्या वासासरशी लढाईच्या दिवसांतलं भोरच्या शाळेचं मैदान समोर उभं राहिलं. खेळ संपला की गुंजवणे गावचा किसन आमच्या कातडी फुटबॉलला असंच तेल चोळायचा आणि मी त्याला कादंबरी वाचून दाखवायचो. तो स्वतः वाचताना अडखळायचा. खेळात मात्र अडखळायचो मी. “चेंडू आडवून धरू नगं, दुसऱ्याला दी,” हे त्यानेच मला शिकवलं.

एकदा त्याने सोपा गोल चुकवला आणि आम्ही हरलो. त्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. गोष्टीतली मुलगी पुरात अडकली होती.

“आरं, ती घरला पोचली का न्हाई, तेवढं तर सांग,” तो म्हणाला.

“आधी गोल मारायला शीक.”

त्याच आठवड्यात तो पलटणीत भरती झाला. पुढे परमुलखातून त्याचं कार्ड आलं. वाकड्या अक्षरांत त्याने स्वतः लिहिलं होतं, “पोचली का?”

रजेवर आला की सगळंच वाचून दाखवू म्हणून मी उत्तर धाडलं नाही. किसन परत आलाच नाही.

पोचली होती रे ती, किसन. सुखरूप पोचली होती.