खुर्चीच्या हातांवरचा मळ

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आले – करमणूक म्हणून. आमच्याकडे अमावास्येला कोणी नवं काम हाती घेत नाही. मी मुद्दाम घेते, कारण त्या दिवशी सुतार हमखास मोकळा सापडतो. वाडीच्या टोकाला जी चिंच आहे, तिच्याखालून तिन्हीसांजेला जाऊ नये म्हणतात, आणि माझी स्कूटर रोज तिथेच लावलेली असते. अशी मी बाई आज हे लिहायला बसले आहे... हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा. मीही हसले असते.

आम्ही नागावला राहतो. नारळ-सुपारीची वाडी, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. मागच्या पडवीत माझं काम चालतं. जुनं फर्निचर आणायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा, रंगवायचं आणि विकायचं. गावात होमस्टे झालेत ढीगभर, आणि मुंबईहून येणाऱ्यांना वस्तू जुनी हवी असते पण जुनी दिसायला नको असते. त्यांना फिकट हिरवा नाहीतर पांढरा रंग लागतो. नवरा, शिरीष, न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे, तो शनिवारी घरी येतो. एरवी घरात मी आणि माझे वडील. मी एकुलती एक, त्यामुळे आईच्या पाठीमागे माझं माहेर हेच माझं घर झालं.

आप्पा हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. आमच्या घरात 'पानी' मागितलं तर मिळत नसे. घसा कोरडा पडला तरी आधी नीट 'पाणी' म्हणायचं, मग पेला पुढे यायचा. प्रेम असेल त्यांचं माझ्यावर, नक्की असेल, पण जवळ घेणं, गोंजारणं हे त्यांच्या खात्यात नव्हतं. मला कायम 'अनघा' अशी पूर्ण हाक. लाडाचं नाव नाही.

मग त्यांना तो विसरण्याचा आजार लागला. अलिबागच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हा उतार आहे, यात चढ येत नाही. आधी वार गेले. मग आई वारली आहे हे गेलं. रोज नव्यानं सांगायचं आणि रोज त्यांनी नव्यानं रडायचं, शेवटी मी सांगणंच सोडलं. आणि मग मी गेले. एका सकाळी मला म्हणाले, "बाई, आपण चहा घेतलात का?" पोटच्या मुलीला अहो-जाहो! पहिल्यांदा हसूच आलं. नंतर रोज तेच व्हायला लागल्यावर आत जाऊन रडायचे. बरे होतील अशी वेडी आशा मला नव्हती हो. एकदाच, फक्त एकदाच त्यांनी 'अनघा' म्हणावं, एवढंच मागणं होतं.

तर ती खुर्ची. उरणकडून आली. कुंदा नावाच्या एका बाईनं जुन्या सामानाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. वडील वारलेले, जुनं घर पाडून बिल्डिंग होणार, म्हणून सामान काढायचं होतं. सागवानी आरामखुर्ची, पाठ-बैठक वेताची, हात चांगले लांबरुंद. तिचे वडील मिठागरावर मुकादम होते, आणि मिठागर बंद झालं तेव्हा कचेरीतली ही खुर्ची त्यांनी घरी आणली होती. शिरीषनं ओळखीच्या टेम्पोतून पाठवून दिली. लाकूड एक नंबर होतं. फक्त दोन्ही हातांच्या टोकांना, जिथे माणसाचे तळवे टेकतात, तिथे वर्षानुवर्षांचा घाम आणि तेल मुरून काळा, गुळगुळीत थर बसला होता. आमच्या कामात हा थर नेहमीचाच. थिनरनं भिजवायचा आणि फडक्यानं रगडून काढायचा, सुटतो.

खुर्ची पडवीत ठेवून मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर आप्पा त्यात बसलेले. तळवे बरोबर त्या काळ्या टोकांवर. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"कवा आयलीस गो बाय?" ते म्हणाले. "पानी पिलीस?"

आवाज आप्पांचाच. भाषा... आमच्या घरात कधी कोणी अशी बोललेलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"बस ना. पाय बगू तुजा. दुखतंय काय आजून?"

आणि मी काय केलं, तर समोरच्या स्टुलावर बसले आणि पाय पुढे केला. का केला विचारू नका. इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे ओळखीच्या नजरेनं बघत होतं. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, घोट्यापासून बोटांपर्यंत चाचपला, अंगठ्यानं हलके हलके दाबला. माझ्या वडिलांनी माझ्या पायाला कधी हात लावला असेल तर तो मी रांगत होते तेव्हा. "त्या गाऱ्या लय जोरान येतान," ते म्हणाले. "त्या रस्त्यान जाव नको."

खुर्चीतून उठवून आत नेलं, की पुन्हा "बाई, आपण कोणाच्या?"

रोज दुपारच्या चहाला हेच. त्या खुर्चीत बसले की मी 'बाय', दुखऱ्या पायाची. उठले की मी परकी. शनिवारी शिरीषला दाखवलं. तोही जरा चरकला, पण मग म्हणाला, "अगं, आप्पांची पहिली नोकरी उरणकडच्याच शाळेत होती ना? तिथली भाषा डोक्यात राहिली असेल. जुनं वर येतंय." पटलं मला. खरंच पटलं. तशाच दुसऱ्या आरामखुर्चीत बसवून पाहिलं तर मात्र काहीच वर आलं नाही.

खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. भाषा दुसऱ्याची, माया दुसरीसाठी, पण हात माझ्या बापाचे होते. तेवढ्यावर मी दिवस काढत होते. आणि जळतही होते. कोण ही बाय, जिच्यासाठी एवढा जीव?

मग एका होमस्टेवालीनं त्या खुर्चीसाठी घाई लावली. म्हटलं, रंगवून झाली तरी देऊ नये, पण काम तर सुरू करू. डाव्या हातापासून सुरुवात केली. थिनर, फडकं, पॉलिश पेपर... टोकाचा काळा थर निघून खालचं पिवळसर सागवान दिसायला लागलं. तेवढ्यात चहाची वेळ झाली, म्हणून थांबले. आप्पा येऊन बसले. "पाय बगू," म्हणाले. आणि उजव्या हातानं पाय घेतला, फक्त उजव्या. डावा हात मांडीच्या बाजूला पडून होता, जसा त्यांचा नव्हताच. मी उचलून बघितला. जड, गार, सैल. घाबरून त्यांना उठवलं, आत आणलं, तर त्याच डाव्या हातानं त्यांनी कप उचलला आणि बशीत चहा ओतला. पुन्हा खुर्चीत बसवलं, हात पुन्हा पडला. उजवीकडचा मळ शाबूत होता आणि उजवा हात चालत होता. मी थिनरचा डबा झाकण लावून कपाटावर ठेवून दिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी कुंदाला फोन केला. कसं विचारायचं कळेना. शेवटी म्हटलं, "कुंदाताई, तुमच्या पायाला काही लागलं होतं का हो?"

ती म्हणाली, "तुमाला कोनी सांगितलं?"

उरणच्या रस्त्यावर तिच्या स्कूटरला कंटेनरच्या ट्रेलरनं घासलं होतं. पाऊल चेंगरलं. ती हॉस्पिटलात असतानाच इकडे तिचे वडील गेले, त्याच खुर्चीत. "शेवटपर्यंत येकच, ताई – पोरीचा पाय बगू, पाय बगू. मना उठताच येत नव्हतं. फोनवर सांगायची, बरा हाय बाबा. त्यांना पटायचं न्हाय." मी तिला जे घडत होतं ते सांगितलं. ती वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी उद्याच येते."

करंज्याहून लाँचनं रेवसला आणि तिथून एसटीनं आली. माझ्याच वयाची, जराशी लंगडत चालणारी. चहाची वेळ झाली, आप्पा खुर्चीत बसले, आणि मी मुद्दाम मागे, दाराशी उभी राहिले. कुंदानं चप्पल काढली.

"बाबा, मी आयले."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा पाय उजव्या हातानं मांडीवर घेतला. घोट्याखाली कातडी वेगळ्या रंगाची होती, दुसरीकडची लावलेली. त्यावरून अंगठा फिरवला. एकेक बोट दाबून पाहिलं. "भरला गो," म्हणाले. "आता चाल बगू."

कुंदा पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, रंगाच्या डब्यांमधून, डोळ्यांतलं पाणी पुसत. उजवा तळवा पुन्हा खुर्चीच्या टोकावर ठेवून ते बघत होते. ती परत येईपर्यंत बघत होते. मग उजवा हात खुर्चीच्या टोकावरून सुटला, त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि स्वच्छ, पाठ्यपुस्तकी मराठीत म्हणाले, "बसा ना बाई. आपण दोघी कोणाकडच्या?"

कुंदानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मला मिठी मारून रडली, खूप हलकी होऊन रडली. खुर्ची घेऊन जा म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, आता ती नुसती खुर्ची हाय." खरंच होतं ते. नंतर आप्पा त्यात कितीदा बसले, 'बाय' पुन्हा आली नाही. पायही कोणी मागितला नाही. कुंदाचं काम झालं, आणि मी पुन्हा चहा देणारी बाई झाले.

आता शेवटचं सांगते, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

एक माणूस जाऊन वर्ष होत आलं तरी खुर्चीच्या हातांवर एवढा उरू शकतो, तर माझा बाप अजून जिवंत आहे! त्याचं काहीतरी कुठेतरी असेलच ना? आप्पांचीही आरामखुर्ची होती. आयुष्यभर त्यांनी त्यात बसून वह्या तपासल्या. परीक्षेच्या दिवसांत मी शेजारी जमिनीवर बसून अभ्यास करायचे आणि अडलं की ते वरून 'अनघा' म्हणायचे. आजाराच्या सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, इतकी खोल खुर्ची नको, उठताना पडतील. आप्पांना विचारलं, तेही म्हणाले, देऊन टाक. मी रंगवलेली ती पहिली वस्तू. फिकट हिरवा रंग दिला आणि दोन आळ्या सोडून एका होमस्टेत गेली. तिथूनच तर माझा हा सगळा उद्योग सुरू झाला.

धावत गेले. होमस्टेची मालकीण चांगली बाई, लगेच उचलून दिली. पडवीत ठेवली, आप्पांना हाताला धरून बसवलं. दोन्ही तळवे मीच खुर्चीच्या हातांवर ठेवले. समोर जमिनीवर बसले, लहानपणी बसायचे तशी. म्हटलं, आप्पा.

त्यांनी रंगावरून हात फिरवला. "छान आहे," म्हणाले. "गुळगुळीत आहे अगदी. कोणी केली, बाई?"

मी केली, आप्पा.

आप्पांच्या या खुर्चीच्या कामाचा मी तेव्हा व्हिडिओ केला होता, आधी आणि नंतर दाखवणारा. माझ्या पेजवर तोच सगळ्यात जास्त पाहिला गेलाय. लोकांना त्यातला एकच भाग फार आवडतो – खुर्चीच्या हातावरचा काळा मळ थिनरच्या फडक्यानं सुटतो आणि खालून सोन्यासारखं लाकूड निघतं. 'किती समाधान वाटतं बघून,' असं लिहितात खाली. हल्ली मीही तेवढाच भाग लावून बसते. फडकं पांढरं असतं, मग तपकिरी होतं, मग पार काळं. माझा हात ते पिळून बाजूला टाकतो. सगळा कचरा वाडीत जाळला होता, तसं तेही गेलं असणार.

हे सगळं काय होतं, मला ठाऊक नाही. शिरीष अजूनही म्हणतो मेंदूचा खेळ, कुंदा म्हणते बाबा थांबले होते. तुमच्यापैकी कोणाकडे उलगडा असेल तर असू दे तुमच्यापाशीच. मला तो घेऊन काय करायचं? मला ते फडकं हवं आहे.