देवीने न दिलेला कौल

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवीवर रुसूनच गाभाऱ्यातून बाहेर आले होते. आमच्या बांगडोच्या गळ्याखाली दोन गाठी आल्या होत्या. बांगडो म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू असताना मिठबावच्या कोळणीच्या पाटीतला बांगडा घेऊन पळाला, तेव्हापासून हेच नाव. आमचे हे वारल्यापासून घरात माझ्या मागे मागे फिरणारा तो एकटाच. शेजारीण म्हणे, नजर लागली. मी म्हणे, गोचिडांचा ताप. शेवटी त्याला रिक्षात घातलं आणि ग्रामदेवीला कौल लावायला गेले.

गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर नजर, डावी पडली तर ताप. आम्ही वाट बघत बसलो, पण एकही कळी हलेना. माझा जीव टांगणीला आणि देवी आपली गप्प. गुरव हसला. "काकी, तू देवीक दोनच वाटा दिलंस. तिसरी आसली तर ती काय करतली?"

मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी हे ऐकलं. त्या नवस फेडायला आल्या होत्या; जनावरांच्या डॉक्टर, दवाखाना कणकवलीला. "कुत्रा कुठाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

बांगडो बाहेर झाडाला बांधलेला होता. "फक्त गळ्याखालीच बघितलंत?" त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून त्यांनी मला चाचपायला लावलं: जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे. दोन्ही बाजूंना सारख्याच टणक गाठी! दाबल्या तरी त्याला दुखत नव्हतं, उलट तो माझं मनगट चाटत होता. मला प्रत्येक गोष्ट उलटून बघायची खोड, आणि रोज कुरवाळताना हे मात्र हाताला लागलं नव्हतं. "तापानेही गाठी सुजतात," त्या म्हणाल्या. "हाताला फरक कळत नाही. सुईने थोड्या पेशी काढून काचेवर बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी कणकवलीला त्यांनी सुई घातली, रक्त घेतलं आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. जांभळे, मोठे, एकसारखे गोळे नुसते खच्चून भरलेले. अंगाची राखण करणाऱ्याच या पेशी, त्याच बेसुमार वाढत सुटल्या होत्या. याला लिम्फोमा म्हणतात, हा कर्करोग आहे, असं त्यांनी सांगितलं. मी रडायचं विसरून बघतच राहिले. मग बाहेर येऊन मात्र पोटभर रडले.

"औषधांनी गाठी उतरतील, काही महिने सुखाचे जातील. मुळासकट जाईल असं सांगून तुम्हाला फसवणार नाही," त्या म्हणाल्या. आणि झालंही तसंच. आंब्याचा सगळा हंगाम बांगडो बागेत माकडांवर भुंकत होता.

मला कोणी विचारलं, त्या बाई नेमक्या त्याच वेळी तिथे कशा, तर मी वाद घालत नाही. देवीचे उपकार मानते. पूर्वी मी तिच्यापुढे उत्तरंसुद्धा घरून ठरवून न्यायचे. आता म्हणते, आई, जे असेल ते दाखव, आणि बघायचं बळ दे.

पावसाळ्याच्या तोंडावर गाठी परत आल्या. एका सकाळी त्याने पेज नाकारली, पाणी नाकारलं, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला धरून ठेवावं असं फार वाटलं. पण त्याच्या कानावरून हात फिरवत मी म्हटलं, "जा रे बाबा. माका कळला."