वन्संचा आवाज

सकाळपासून आत्याबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा उकळून उकळून त्याचा काढा झाला, कपाळावर असलेला चष्मा घरभर शोधून झाला. आत्याबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका नाटकात त्यांनी आत्या रंगवली, ते वर्षानुवर्षं चाललं, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच. ते नाटक जिथे गाजलं, त्याच नाट्यगृहात आज संध्याकाळी त्यांचा सत्कार होता.

धास्ती सत्काराची नव्हती, नणंदेची होती.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न न करता भावाच्याच घरी राहिलेल्या आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर लोकांना ‘लाइन व्यस्त आहे’ सांगून आवाजाची पार इस्त्री झाली होती; ना चढ, ना उतार. घराला आग लागली असती तरी त्यांनी ती त्याच सुरात कळवली असती.

पण आत्याबाईंची सगळी नाटकं पाठ झाली ती या आवाजावर. भाजी चिरता चिरता वन्सं समोरच्यांचे संवाद म्हणायच्या. नायक, खलनायक, पोलीस, सगळे एका सुरात. आत्याबाई अडल्या की पुढचं वाक्य पुरवायच्या. संध्याकाळी आत्याबाई प्रयोगाला निघाल्या की लेकीला सांभाळायला वन्सं घरी. त्यामुळे झालं असं, की प्रत्येक नाटक तोंडपाठ असलेल्या या बाईनं एकही नाटक पाहिलं नव्हतं. आता भाऊ गेला, लेक लग्न करून दूरदेशी गेली, तरी “चला” म्हटलं की उत्तर ठरलेलं: “मग घरी कोण?”

आणि ती गाजलेली आत्या? तालमीत दिग्दर्शक वैतागले होते. आत्याबाई प्रत्येक वाक्यावर हुंदका काढत होत्या आणि भूमिका हातची जाणार हे दिसत होतं. शेवटी दमून त्यांनी संवाद नुसता म्हणून टाकला, स्वयंपाकघरात वन्सं म्हणायच्या तसा. तालमीतले सगळे पोट धरधरून हसले. दिग्दर्शक म्हणाले, हाच आवाज सोडू नका. त्यांनी तो सोडला नाही. त्यावर घर चाललं, लेक शिकली. आणि जिचा आवाज, तिला पत्ताच नाही.

सांगायचं कितीदा ठरवलं होतं. पण जगानं हसून डोक्यावर घेतलेला आवाज आपला, हे कळल्यावर वन्संना काय वाटेल? इतकी वर्षं ही माझी नक्कल करून टाळ्या घेत होती? हा विचार आला की जीभ टाळ्याला चिकटायची.

आज मात्र सांगायचंच होतं. भाषणाची तालीमसुद्धा रीतसर ओट्यापाशी झाली. आधी दिग्दर्शकांचे आभार, मग कपडेपट सांभाळणाऱ्या शिंप्याचे, मग नवऱ्याचे, आणि शेवटी मायबाप प्रेक्षकांचे. वन्संनी सगळं ऐकून दोन ठिकाणी दुरुस्तीही केली. नवरा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक उतारा होता, तो तेवढा आत्याबाईंनी गाळला होता.

“वन्सं, आज तरी या,” निघताना त्या म्हणाल्या. “माझं तुमच्याशी काम आहे.”

“काम इथे सांग. मी आले तर घरी कोण?”

नाट्यगृहात पोचल्यावर आत्याबाईंनी पडद्याच्या भोकाला डोळा लावला. पहिल्या रांगेतली राखून ठेवलेली खुर्ची रिकामी होती. पाणी प्यायल्या, पुन्हा पाहिलं, रिकामीच. ‘मला शेवटी बोलू द्या’ म्हणून आयोजकांच्या मागे लागल्या. इकडून तिकडे इतक्या फेऱ्या मारल्या की पडदा ओढणारा म्हणाला, बाई, बसा, मला चक्कर येतेय. अखेर त्यांचं नाव पुकारलं गेलं.

भाषण छान चाललं होतं. नवऱ्याचे आभार मानून झाले आणि त्या थांबल्या. नजर खुर्चीवर गेली. आता पुढचं बोलायचं तरी कुणाला? पाठीमागे मानलेल्या आभारांना काय अर्थ? सभागृह चुळबुळायला लागलं.

तेवढ्यात पार मागून, दारापासून, स्वच्छ सपाट आवाज आला: “मायबाप प्रेक्षकहो, तुमचे उपकार कसे फेडू.”

सभागृहात हशाचा स्फोट झाला. हा आत्याचा आवाज! लोकांना वाटलं, बाईंनी मुद्दाम बसवलेला प्रकार आहे. दाराशी वन्सं उभ्या होत्या, घरच्याच कपड्यांत, हातात किल्ल्या. लोक का हसताहेत ते त्यांना उमगेना. ही वाक्य विसरली, एवढंच त्यांना कळलं होतं.

“मी विसरले नव्हते, वन्सं,” आत्याबाई म्हणाल्या. रचून ठेवलेला उतारा आता खरोखरच डोक्यातून गेला होता. “मध्ये तुम्ही होतात. हे ज्या आवाजाला हसले ना, तो तुमचा आहे. मी न विचारता घेतला आणि त्यावर जगले.”

हसू ओसरलं. वळलेल्या सगळ्या मानांकडे वन्संनी एकदा नीट पाहून घेतलं. त्या रागावल्या की काय, चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. तो कधीच नसायचा. आत्याबाईंच्या तोंडून भलतंच निघालं.

“घरी कोण आहे?”

“कुणी नाही,” वन्सं म्हणाल्या. “कुलूप लावून आलेय.”

मग एकेक पायरी उतरत त्या पुढे आल्या, राखलेल्या खुर्चीत बसल्या आणि किल्ल्या मांडीवर ठेवल्या.

“हं,” त्याच सुरात त्या म्हणाल्या, “आता पहिल्यापासून म्हण. मला यायला उशीर झाला.”